डायवा बीजी ५०००: समुद्रापासून चारशे किलोमीटरवर राहणाऱ्याचं रीळ

खाऱ्या पाण्याच्या रिळाबद्दल जे काही वाचायला मिळतं, ते समुद्राकाठच्या माणसासाठी असतं. ड्रॅग (मासा ओढायला लागला की ठरलेल्या ताणाला दोरा सोडणारा ब्रेक) किती किलोचा, बेअरिंग किती, गिअर कुठला. हे सगळं लागतंच. पण मी राहतो लातुरात. इथून तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट उतरून रत्नागिरी, म्हणजे चारशे किलोमीटरच्या पुढेच. माझं रीळ समुद्रावर असतं थोडा वेळ. त्यानंतर अंगावरच्या मिठासकट ते गाडीत असतं आणि घरी कपाटात तर महिनोन् महिने असतं. रीळ मरतं ते कपाटात. म्हणून मोठ्या माशाला पुरेल का, याच्याही आधी मी एक गोष्ट पाहतो: हे मला माझ्या टेबलावर, माझ्या हत्यारांनी उघडता येतं का?

माझं औसा रोडला सबमर्सिबल पंप दुरुस्तीचं दुकान आहे. बेअरिंग, बुश, सील, ग्रीस यातच दिवस जातो. उन्हाळ्यात बोअरच्या मोटारी जळायला लागल्या की मान वर करायला फुरसत नसते, त्यामुळे कोकणात जाणं होतं ते दिवाळीनंतर, थंडीत. मे संपला की तसंही १ जूनपासून यांत्रिक बोटींना पावसाळी बंदी लागते. मासेमारीचा नाद लहानपणीचा, मांजरा धरणावर मरळ आणि चिलापी धरायचा. तिथं गळ, तंगूस आणि एक हलकं रीळ पुरतं. जिगिंगचं गणित निराळं आहे.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जिग म्हणजे मासळीच्या आकाराचा शिशाचा किंवा टंगस्टनचा जड तुकडा. बोट खोल पाण्यात नेऊन तो सरळ खाली तळापर्यंत सोडायचा आणि रॉडला झटका देत, रीळ फिरवत वर आणायचा. ४०-५० मीटर खोलीला, पाण्याला ओढ किती आहे ते बघून, १०० ते २०० ग्रॅमचा जिग लागतो. सुरमई, कुपा, कोकर हे मधल्या पाण्यात धडकतात. गोबरा आणि तांबोशी खडकाजवळ, तळाला. गोबरा लागला की पहिल्या काही क्षणांतच त्याला खडकापासून वर उचलावं लागतं, नाहीतर तो बिळात शिरतो आणि दोरा घासून तुटतो. म्हणजे रिळावर सतत झटके, सतत ताण, आणि दोऱ्याबरोबर वर येणारं खारं पाणी. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ओला दोरा दर फेऱ्याला ते मीठ स्पूलवर, म्हणजे दोऱ्याच्या गुंडीवर, आणून गुंडाळतो.

आता डायवा कंपनीचं बीजी ५०००. गिअरचं प्रमाण ५.७:१. म्हणजे हँडलचा एक फेरा केला की रोटर (स्पूलभोवती फिरून दोरा गुंडाळणारा भाग) पावणेसहा वेळा फिरतो आणि सुमारे १०९ सेंटिमीटर दोरा आत येतो. ५० मीटरवरून जिग वर आणायला पंचेचाळीसेक फेरे. ड्रॅग १० किलोचा. वजन सहाशे ग्रॅमच्या वर आहे, हलकं म्हणता येणार नाही. सकाळी काही वाटत नाही, दुपारी मनगट बोलायला लागतं. वजन नको असेल तर याच मालिकेतलं ४००० नंबरचं बघा. त्याचं प्रमाण तेच आहे, ड्रॅग ८ किलोचा आहे, आणि सुरमई-कोकरपुरतं ते भरपूर आहे. मी ५००० घेतलं ते गोबऱ्यासाठी.

१० किलोचा आकडा ऐकून काहीजण नाक मुरडतात, कारण १५-२० किलो लिहिलेली रिळंही मिळतात. पण ड्रॅग रिळाच्या ताकदीवर लावत नाहीत, दोऱ्याच्या ताकदीवर लावतात. जिगिंगला विणलेला दोरा लागतो, पीई म्हणतात तो. पीई ३ म्हणजे ०.२८५ मिलिमीटर जाडी. चांगला पीई ३ साधारण २० किलोच्या पुढे तुटतो. ड्रॅग त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर लावायचा, म्हणजे ५ ते ७ किलो. त्यावर लावाल तर गाठ सुटेल, नाहीतर माशाचं तोंड फाटेल. ७ किलोचा ताण हातात धरून डोलत्या बोटीत उभं राहून पाहा, मग २० किलोच्या आकड्याचं काय करायचं ते कळेल. मी स्प्रिंगचा काटा दोऱ्याला अडकवतो, रॉड वाकवून ओढतो, आणि किती किलोला दोरा सुटायला लागतो ते बघतो. हे घरीच करून जायचं. बोटीवर अंदाजाने नॉब पिळणाऱ्यांचे मासे सुटलेले मी पुष्कळ पाहिले आहेत.

ड्रॅगमध्ये किलोपेक्षा मोलाचं असतं ते त्याचं सुटणं. दोरा सुटायला लागताना झटका बसता कामा नये. बीजीत कार्बनच्या चकत्या आहेत, आणि या बाबतीत मी समाधानी आहे. सुरमई पहिली धाव घेते तेव्हा दोरा सलग, एकाच आवाजात सुटतो. स्वस्त रिळांत फेल्टच्या चकत्या असतात. त्या ओल्या झाल्या की कधी पकडतात, कधी घसरतात. निलंग्याच्या एका मित्राकडे तसलं एक रीळ आहे, कंपनीचं नाव घेत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत खाऱ्या पाण्याचं म्हणून छापलेलं, आणि पहिल्याच मोसमानंतर आतली मेन गिअर बेअरिंग लाल. त्यानं ते माझ्याकडे उघडायला आणलं तेव्हा बॉडी आणि स्क्रू एकजीव झाले होते. ड्रिल करून काढावे लागले.

तिथं जे झालं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण ते बीजीतही होऊ शकतं. बॉडी ॲल्युमिनियमची, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. दोन वेगळे धातू, आणि मधे मिठाचं पाणी. विजेच्या सेलसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात ॲल्युमिनियम खर्ची पडतं. आट्यांमध्ये पांढरी पूड जमते, स्क्रू जाम होतो. पंपाच्या कामात हे आम्ही रोज बघतो. उपाय साधा आहे: रीळ नवंकोरं असतानाच एकेक स्क्रू काढायचा, आट्यांना ग्रीसचा हात लावायचा, परत बसवायचा. फार पिळायचा नाही, ॲल्युमिनियमचे आटे मऊ असतात, एकदा गेले की गेले. पाच आकडी रक्कम मोजून आणलेलं नवं रीळ असं उघडायला जिवावर येतं हे मला मान्य आहे. वॉरंटीची अट आधी वाचून घ्या, आणि मग करा.

उघडण्यावरून आठवलं, याच कंपनीचं नवं बीजी एमक्यू मॉडेलही येतं. त्याची बॉडी एकसंध असते आणि बाजूची प्लेट स्क्रूंवर नसते; मोठं आट्यांचं झाकण असतं, ते फिरवून बसवलेलं. त्यामुळे गिअर मोठा बसवता येतो, बॉडी ताणाखाली कमी पिळवटते. बनावट म्हणून ती सरस आहे यात वाद नाही. पण ते झाकण उघडायला खास पाना लागतो आणि ते नेमक्या ताणाने परत बसवावं लागतं. जुन्या बीजीची साइड प्लेट साध्या स्क्रूंवर आहे. हँडल आट्याने थेट गिअरमध्ये बसतं, त्यामुळे त्यात खडखड नाही आणि काढायलाही सोपं. लातुरात राहणाऱ्याला मी जुनंच सुचवीन.

पेनचं स्लॅमर थ्री हे दुसरं रीळ मी हातात घेऊन नीट पाहिलं आहे. ते आयपीएक्स ६ दर्जाचं सीलबंद आहे. या दर्जाचा अर्थ जोराच्या फवाऱ्याने पाणी आत जाणार नाही, एवढाच. पाण्यात बुडवून ठेवण्याची चाचणी वेगळी, तिचा दर्जा ७. गिअर पितळी, काम भक्कम. बोट लाटांत आपटत असेल आणि दर दोन मिनिटांनी अंगावर पाणी येत असेल, तर सील हवंच. पण सील आयुष्यभर टिकत नाही. सबमर्सिबल मोटारीचं मेकॅनिकल सील गेलं की बाहेरून मोटार शाबूत दिसते आणि आत पाणी साचलेलं असतं. सीलबंद रीळही वेळेवर उघडावं लागतं, सील बदलावं लागतं, आणि ते सील इथं मिळत नाही. बीजीची बॉडी स्लॅमरसारखी सीलबंद नाही. पाणी आत जाऊ शकतं हे गृहीत धरून मी ते वापरतो आणि मोसमाअखेर उघडतो. दर महिन्याला समुद्रावर जाणाऱ्याने आणि उघडझाप न जमणाऱ्याने स्लॅमर घ्यावं.

शिमानोबद्दल दोन ओळी. त्यांच्या रिळांच्या नावापुढे एचजी, एक्सजी, पीजी अशी अक्षरं असतात. एचजी म्हणजे वेगवान गिअर, एक्सजी त्याहून वेगवान, पीजी म्हणजे ताकदीचा, कमी वेगाचा. जिग भराभर वर खेचायचा असेल, कुपा-सुरमईसाठी, तर एचजी. खोल पाण्यात जड जिग दिवसभर उचलायचा असेल तर पीजी. स्लो पिच जिगिंग (जिग संथपणे नाचवायची पद्धत) करणारे तर असलं, बीजीसारखं स्पिनिंग रीळ वापरतच नाहीत. ते आडव्या ड्रमचं, रॉडच्या वर बसणारं रीळ घेतात, जिगवर ताबा जास्त राहतो म्हणून. मला एकाच रिळाने जिगही सोडायचा असतो आणि वर मासळी उडताना दिसली तर लांब फेकायचंही असतं, म्हणून स्पिनिंग.

आता धुण्याचं. याबाबतीत मराठवाड्यातल्या माणसाला कोणी नीट सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळे म्हणतात रीळ गोड्या पाण्याने धुवा. आमच्याकडे नळाला पाणी येतं त्या दिवशी ठीक आहे. एरवी बोअर. लातूरकडचं बोअरचं पाणी जड आहे, बादलीच्या काठावर पांढरा थर धरतं. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार सुकले की रिळावर तसाच थर बसतो, आणि दोरा जिथून वळतो त्या रोलरच्या फटीत तो खरखरतो. म्हणजे एक मीठ काढायचं आणि दुसरं बसवायचं. मी फिल्टरच्या जारचं पाणी वापरतो. एका रिळाला दोन-तीन लिटर पुरतं. याच गावाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. पाणी उधळायची सवय आम्हाला नाही, आणि रिळाला त्याची गरजही नाही.

पहिली धुलाई घरी येईपर्यंत थांबवायची नाही. बोटीवरून उतरलं की जेट्टीवरच, झाडांना फवारायच्या हाताच्या छोट्या पंपात जारचं पाणी भरून ठेवलेलं असतं, त्याने हलका फवारा. त्याआधी ड्रॅगचा नॉब घट्ट पिळून घ्यायचा, म्हणजे पाणी चकत्यांपर्यंत जात नाही. नळाची जोराची धार, गाडी धुवायचं प्रेशर मशीन हे कधीच नाही. बाहेरचं मीठ धार आत ढकलते. बादलीत बुडवून ठेवणं तर त्याहून वाईट. फवारून झालं की हँडल चार फेरे फिरवायचं, पाणी झटकायचं, सुती फडक्याने पुसायचं. आमचे बोटीचे तांडेल मामा मला एकदा म्हणाले, "तुमी मासे कमी नि रीळ जास्त धुता." पण त्याच मामांनी दुसऱ्या खेपेला स्वतःच्या मुलाचं रीळ माझ्याकडे आणून दिलं, बघा म्हणून.

घरी आल्यावर स्पूल काढायचा. चकत्या बाहेर काढून ठेवायच्या, आणि दोऱ्यासकट फक्त स्पूल कोमट पाण्याच्या भांड्यात अर्धा-एक तास ठेवायचा. मीठ सगळ्यात जास्त दोऱ्यातच असतं. वरवर फवारून ते निघत नाही, आतल्या थरांत तसंच राहतं आणि स्पूलचा धातू आतून खातं. नंतर सावलीत वाळवायचं. आमच्या उन्हात दुपारी गच्चीवर ठेवलंत तर वाळेल लवकर, पण दोऱ्याचा रंगही जाईल आणि पुढे जोडलेला तंगूस कडक होईल. आई हे सगळं स्वयंपाकघराच्या ओट्यावर बघून एकदा म्हणाली, "एवढं कामून धुवायलास, मासं तर तिकडंच खाऊन आलास की." तेव्हापासून दुकानात धुतो.

वाळलं की ड्रॅग पूर्ण सैल करायचा. घट्ट राहिला तर चकत्या दबून राहतात आणि पुढच्या खेपेला सुटणं झटक्याचं होतं.

आणि आता ते कपाट. मराठवाड्याची हवा कोरडी, इथं काय गंजतंय, असं मला लोक म्हणतात. नोव्हेंबर ते मे खरंच काही होत नाही. आत राहिलेलं मीठ कोरडे खडे होऊन पडून असतं, आणि रीळ फिरवलं तर गुळगुळीत लागतं. मग जून येतो. हवेतला ओलावा ७५ टक्क्यांच्या वर गेला की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर त्याहून कितीतरी कमी ओलाव्याला पाझरतं. म्हणजे पेरण्या सुरू होतात तेव्हा कपाटातल्या रिळात परत खारं पाणी तयार होतं. बंदीमुळे त्या महिन्यांत कोणी रीळ हातातही घेत नाही. दिवाळीनंतर काढावं तर हँडल करकरतं, आणि दोष कंपनीला. म्हणून माझं उघडायचं काम मेच्या शेवटी असतं, पाऊस यायच्या आत. नंतर रीळ सुती पिशवीत, सोबत सिलिकाच्या पुड्या. रिळाबरोबर रबरी कापडाचं घट्ट आवरण वापरत असाल तर ते प्रवासापुरतं ठेवा. ओल त्यात अडकते.

उघडताना सर्वांत आधी लाइन रोलर. दोरा बेलवरून, म्हणजे दोरा धरणाऱ्या तारेच्या कमानीवरून, जिथे वळतो ती छोटी चाकी. खारं पाणी सतत तिच्यावरून जातं आणि तिच्या आतलं बेअरिंग सगळ्यात पहिलं जातं, कुठल्याही कंपनीचं असो. स्टेनलेस बेअरिंग म्हणजे न गंजणारं बेअरिंग नव्हे; क्लोराइड त्यालाही खातं. ते जाम झालं की चाकी फिरत नाही, दोरा एकाच जागी घासतो, चरा पडतो, आणि महागाचा पीई तुसासारखा फुलतो. दोन थेंब पातळ तेल प्रत्येक सहलीनंतर, आणि सुटं बेअरिंग कायम जवळ. एवढं एक केलं तरी निम्मं काम झालं.

मेन गिअरला ग्रीस. इथं माझ्या व्यवसायातल्या लोकांना सांगतो, दुकानातलं एपी-३ त्यात भरू नका. ते जाड पडतं, थंडीत हँडल जड होतं. पाण्याने न धुपणारं, २ नंबरचं मऊ मरीन ग्रीस मागवा, एक डबी वर्षानुवर्षे पुरते. गिअरच्या दातांना पातळ थर, बेअरिंगच्या जागेत तिसरा हिस्सा भरेल इतकं. कोंबायचं नाही. गंज सोडवायचा फवारा आत मारणं हा इथला आवडता उपाय आहे. त्याने तेवढ्यापुरतं मोकळं होतं खरं, पण असलेलं ग्रीसही धुऊन निघतं.

रोटरखाली एक गुळगुळीत दंडांचं क्लच बेअरिंग असतं, हँडल उलटं फिरू न देणारं. त्याला ग्रीस अजिबात लावायचं नाही, पातळ तेलाचा एक थेंब. ग्रीस आत गेलं की त्यातले रोलर चिकटतात, वेळेवर धरत नाहीत, आणि जिगचा झटका देताना हँडल मागे लाथ मारतं. मोठा मासा असताना असं झालं तर बोटं सांभाळा. कार्बनच्या चकत्यांना मात्र ड्रॅगचं खास ग्रीस, बोटाने पुसल्यासारखा थर. गिअरच्या बाजूला कागदासारखे पातळ शिम असतात, त्यांचा क्रम बदलला की गिअर आवाज करतो. प्रत्येक पायरीचा फोटो काढा आणि सुटे भाग जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडा.

दोरा भरताना एक लक्षात ठेवा. पीई गुळगुळीत असतो, उघड्या धातूच्या स्पूलवर थेट बांधला तर ताणाखाली आख्खी गुंडी स्पूलवरच घसरते आणि ड्रॅग गेला असं वाटतं. बीजीच्या स्पूलवर त्यासाठी सोय केलेली आहे, तरी मी खाली तंगूसाचे थोडे वेढे घेतो. दोऱ्याच्या पैशाचीही बचत होते. वर पीई ३ तीनशे मीटर.

रंग, चमक, बेलचा आवाज यावर मला फार सांगायचं नाही. काळ्या रंगावर कडेकडेने घासल्याच्या खुणा पडल्या आहेत, कामात फरक नाही.

घ्यायचं कुठून, हे विचाराल तर लातुरात खाऱ्या पाण्याचं रीळ मिळत नाही. गंजगोलाईत गळ, तंगूस, शिसं मिळेल, तेवढंच. मुंबई-पुण्याच्या दुकानातून किंवा ऑनलाइन. शक्य असेल तर दुकानात हातात घेऊन पाहा. हँडल हळू फिरवा, दाते मोजल्यासारखं लागता कामा नये. हँडल पुढेमागे हलवून क्लच लगेच धरतो का बघा. ड्रॅग सैल करून स्पूल बोटाने फिरवा. दुकानदाराला सुट्या भागांबद्दल तिथंच विचारा: रोलरचं बेअरिंग, क्लच, चकत्या, बेलची स्प्रिंग. "सर्व्हिसला पाठवा" एवढंच उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा. एका ठिकाणी पाठवलेलं माझ्या ओळखीतलं रीळ आख्खा मोसम परत आलं नव्हतं, आणि आलं तेव्हा बाहेरून पुसलेलं होतं, आत जुनंच ग्रीस.

बीजीबरोबर माझ्या डब्यात असतं ते असं: रोलरची दोन बेअरिंग, चकत्यांचा एक जोड, बेलची स्प्रिंग, मरीन ग्रीसची डबी, पातळ तेलाची सुई असलेली बाटली, बारीक स्क्रू ड्रायव्हर, हँडल सैल करायला रबरी पट्टा. मराठवाड्यातून कोणी जिगिंग सुरू करत असेल तर रिळाच्या बजेटमधून या डब्याचे पैसे आधी बाजूला काढा, मग उरलेल्यात रीळ बघा. ४००० की ५००० यात अडकलात तर तांबोशी-गोबऱ्याला ५०००, बाकी सगळ्याला ४०००.